सकाळी सहाची साक्ष

माझी धाकटी बहीण सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते आणि मी आयर्लंडमध्ये, मेनूथला. आमचं माहेर नागपूरचं. मी इथल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळ्या तपासते, नवरा जवळच्याच कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आहे, आणि नऊ वर्षांची मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आयरिश इंग्रजीत उत्तर देते. यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सांगायचं आहे ते हे, की गेल्या मे महिन्यात एका सकाळी मी शेजारच्या घरात बसून ऑस्ट्रेलियातल्या एका कोर्टापुढे बहिणीच्या बाजूने साक्ष दिली. तिथपर्यंत आम्हाला ज्यांनी पोचवलं, त्यांतल्या निम्म्यांचे चेहरेही मी कधी पाहिलेले नाहीत. त्यांचे आभार कुठे जाऊन मानायचे ते कळत नाही, म्हणून लिहून ठेवते.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. फिजिओथेरपिस्ट. नागपूरच्या मे महिन्यात ओढणीने तोंड बांधून भर दुपारी स्कूटीवर फिरणारी, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की स्कूटी तिथेच आडवी लावून गप्पा मारणारी. घरात तिचा आवाज सगळ्यात मोठा. लग्न होऊन ती सिडनीला गेली, तेव्हा आई म्हणाली होती की आता घरात टीव्ही लावावा लागेल.

तिचा नवरा सॉफ्टवेअरमधला. बोलायला अतिशय गोड. मला 'ताई, ताई' म्हणायचा, आईची औषधं संपली का ते आठवणीने विचारायचा. आम्ही व्हिडिओ कॉल केला की तो तिच्या शेजारी बसलेला असायचाच. सुरुवातीला आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. आई तर शेजारीपाजारी सांगायची, "जावई लई काळजीचा आहे माझा. फोनवरबी तिले एकटं सोडत नाई."

हळूहळू बहिणीचं बोलणं कमी झालं. सिडनीचं हवामान आणि जेवण, एवढंच उरलं. परीक्षा देऊन तिथे फिजिओ म्हणून नोंदणी करायची होती, ती 'पुढच्या वर्षी' गेली, आणि मग तिचा विषयच बंद झाला. एकदा मी सहज विचारलं, "आज भाजी काय केलीस?" तर उत्तर देण्याआधी तिने बाजूला पाहिलं. भाजी काय केली, हे सांगण्याआधी. तो म्हणाला, "सांग ना, भेंडी केली." मग ती म्हणाली, "भेंडी." मी त्या रात्री नवऱ्याला हे सांगितलं. त्यालाही ते खटकलं, पण आम्हा दोघांनाही त्या गोष्टीला नाव देता येईना. मारत तर नव्हता. ओरडतानाही कधी दिसला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे तीन महिने आली. मी बहिणीला म्हटलं, तूही ये, तिघी एकत्र राहू. ती काही बोलायच्या आत तो हसून म्हणाला, "मी सोडलं तर येईल ना, ताई." आम्हीही हसलो. आईसुद्धा हसली. बहीण हसली नाही, ती फोनच्या कोपऱ्याकडे कुठेतरी बघत होती.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी मुलीचा डबा भरत होते. तिची सुट्टीतली शिबिरं चालू होती. ऑस्ट्रेलियाचा अनोळखी नंबर आला. इथे साडेसात, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेचार. फोनवर बहीण होती आणि अगदी हळू, भरभर बोलत होती.

"ताई, मी दवाखान्यातून बोलतेय. हा इथल्या नर्सचा फोन आहे. माझा त्याच्याकडे आहे. तो बाहेर बसलाय."

"काय झालं? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. ऐक ना. मी घरी नाही जात आज. डॉक्टर म्हणतात, नाही गेलं तरी चालतं." मग थोडं थांबून तिने विचारलं, "चालतं ना, ताई?"

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. मी म्हटलं, "चालतं. अगदी चालतं."

दवाखान्यात काय झालं, ते तिने नंतर सांगितलं. झोप लागत नाही म्हणून ती गेली होती. नवरा दर वेळेसारखा तिच्याबरोबर आत गेला आणि तिच्या वतीने उत्तरं द्यायला लागला. ती डॉक्टरीण नवी होती. ती त्याला म्हणाली, "आमच्या दवाखान्याचा नियम आहे, प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ मी एकटीनेच बोलते. तुम्ही बाहेर बसा." तो उठला, कारण नियम म्हटल्यावर तो नेहमीच उठायचा. दार बंद झाल्यावर तिने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे का?" आणि माझी बहीण सवयीने म्हणून गेली, "त्याला विचारून सांगते."

डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या दोघी बोलल्या.

पुढे बहिणीला कळलं की असा काही नियम त्या दवाखान्यात नव्हताच. डॉक्टरणीने तो त्या क्षणी रचला होता. त्या बाईचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. कृतज्ञता म्हटलं की आधी तिचं बंद झालेलं दार माझ्या डोळ्यांपुढे येतं.

माझा आयरिश नंबर बहिणीने पाठ करून ठेवला होता. भांडी घासताना तो ती मनात म्हणायची. म्हणून तो फोन मला आला.

फोन ठेवला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय झालं वं? कोनाचा फोन होता?"

मी सांगितलं. आई खुर्चीवर बसली.

"मारलं का त्यानं तिले?"

"नाही गं."

"मंग?"

मुलगी मधेच आली, आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, आर यू ग्रँड?" आणि डबा घेऊन गेली. बरं असण्याला इथे ग्रँड म्हणतात.

चार-पाच दिवसांनी बहिणीने आईशी स्वतः बोलायला फोन केला. तेव्हा ती बायकांसाठीच्या एका आसरागृहात होती. मी स्पीकर लावून आईला फोन दिला आणि भांडी लावण्याच्या निमित्ताने तिथेच थांबले. आई बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होती. बहीण सांगत होती, जेवायच्या आधी नवऱ्याला ताटाचा फोटो पाठवावा लागायचा. दिवसातून कितीतरी वेळा फोन फिरवून खोली दाखवावी लागायची, कोणी आलंय का ते बघायला. कपडे तो काढून ठेवायचा, तेच घालायचे. गाडी शिकायची नाही. शेजारच्या पंजाबी बाईशी बोलायचं नाही. पडदे उघडायचे असले, तर विचारून उघडायचे.

"पडदे?" आई म्हणाली.

बाकीचं सगळं तिने ऐकून घेतलं होतं, पण पडद्यांपाशी ती अडकली. दिवसभर मधूनच स्वतःशी म्हणायची, "पडद्यालेबी विचारा लागे पोरीले." त्यानंतर जावई काळजीचा होता, असं ती कधीही म्हणाली नाही.

पुढे मला तिथल्या एका पोलीस बाईंचा फोन आला. वयाने माझ्या बहिणीएवढ्याच असतील. घरगुती छळाची प्रकरणं त्या बघायच्या. त्यांनी मला वेळ घेऊन, न कंटाळता सगळं समजावून सांगितलं, आणि तेव्हा कुठे त्या निनावी गोष्टीला नाव मिळालं. इंग्रजीत त्याला कोअर्सिव्ह कंट्रोल म्हणतात. तिथल्या राज्याने तो वेगळा गुन्हा मानणारा कायदा नुकताच केला होता, आणि तो लागू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच्या आधी पोलिसांना एखादी ठळक घटना लागायची. मारहाण, धमकी, काहीतरी तोडफोड. नव्या कायद्यात एकेकटी घटना किरकोळ असली तरी चालते. सगळ्या मिळून काय होतं, ते पाहिलं जातं. पण दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम सांगितल्या. एक म्हणजे, त्याचा हेतूच तिला ताब्यात ठेवण्याचा होता, हे सिद्ध करावं लागेल. आणि दुसरी, कायदा लागू व्हायच्या आधीचं वागणं या गुन्ह्यात धरलं जाणार नाही.

म्हणजे लग्नानंतरची पहिली वर्षं हिशेबाबाहेर. मला त्याचा राग आला. बहिणीला मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "असू दे गं ताई. मला वाटायचं यातलं काहीच कोणी धरणार नाही."

आईला हे सगळं मराठीत सांगताना मी शब्द शोधत होते. जाच म्हणावं, तर त्यात मारहाण दिसते. धाक म्हणावं, तर तो फार छोटा वाटतो. आईने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सासुरवासच नं. फक्त सासू तिथं नाई." आणि मग, "आन् आता त्याले कायदा हाये म्हन्तेस?"

"हो. तिथेही आहे, इथे आयर्लंडातही आहे."

"बरं केलं बाई कोनी केला तो," आई म्हणाली, आणि लसूण सोलायला घेतला.

मीही साक्षीदार झाले, कारण व्हिडिओ कॉलवर मी जे पाहिलं-ऐकलं, ते दुसऱ्या कोणी पाहिलेलं नव्हतं. पोलीस बाईंनी माझा जबाब व्हिडिओवर घेतला. वर ताकीद दिली, की आता खटला संपेपर्यंत दोघी बहिणींनी त्याबद्दल एकमेकींशी बोलायचं नाही, नाहीतर बचावाचे वकील म्हणतील की तुम्ही ठरवून आलात. त्यामुळे पुढचे नऊ महिने आम्ही सगळ्या जगाबद्दल बोललो, फक्त त्या एका गोष्टीबद्दल नाही. तिला आसरागृहातून एका सामायिक घरात खोली मिळाली होती. नवऱ्याला तिच्यापासून लांब राहण्याचा कोर्टाचा हुकूम होता. ती मला खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचं, त्याच्यावर कर्कश ओरडणाऱ्या पांढऱ्या पोपटांचं वर्णन करायची. मी तिला आमच्याकडच्या पावसाचं सांगायचे. नागपूरच्या भाषेत आम्ही बोलत बसायचो आणि तिचा आवाज थोडा थोडा वर चढत चालल्याचं मला ऐकू यायचं.

सुनावणी मेमध्ये ठरली. मी इथूनच कॅमेऱ्यावर साक्ष द्यावी, असं सरकारी वकिलांनी कोर्टाकडून मंजूर करून घेतलं. तिथे दुपारचे तीन म्हणजे आमच्याकडे सकाळचे सहा. अट एवढीच की खोलीत, आणि शक्यतो घरातही, दुसरं कोणी नको. हे अवघड होतं. आमचं घर नव्या वसाहतीतलं, भिंती पातळ. नवरा नेमका रात्रपाळी करून येणार, मुलगी झोपलेली, आणि आई पुन्हा आलेली. भिंतीपलीकडे बसून आई रडणार नाही याची खात्री खुद्द आईलाही नव्हती.

शेजारी एक बाई राहतात. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या. मी त्यांना फार थोडक्यात सांगितलं, बहिणीची केस आहे, एका सकाळी तुमची पुढची खोली मिळेल का. त्या म्हणाल्या, "गो अवे आउट ऑफ दॅट!", म्हणजे आपलं 'चल, काहीतरीच काय!', "घर घे सगळं." त्यांनी खरंच सगळं घर दिलं. आदल्या संध्याकाळी मला बोलावून टेबल कुठे हवं ते विचारलं, टिकटिक करणारं घड्याळ काढून न्हाणीघरात नेऊन ठेवलं. सकाळी साडेपाचला किल्ली माझ्या हातात दिली आणि ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवून, त्यांचं म्हातारं कुत्रं बरोबर घेऊन आमच्या घरी आईजवळ जाऊन बसल्या.

बाहेर लख्ख उजाडलं होतं. मी लॅपटॉप लावला. पडद्यावर एक रिकामी खुर्ची, मग कोर्टाचा एक कर्मचारी. तो म्हणाला, "खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना? कृपया लॅपटॉप फिरवून खोली दाखवाल का?"

मी लॅपटॉप उचलला आणि फिरवायला लागले. शेकोटीची जागा, पुस्तकांचं कपाट, खिडकी. आणि अर्ध्यावर मी थांबले. हे बहिणीने किती वेळा केलं होतं. तो माणूस 'धन्यवाद' म्हणाला, पुन्हा काही दाखवायला सांगितलं नाही, वर म्हणाला, "सावकाश. पाणी प्या हवं तर." मी प्यायले.

मी सत्य सांगण्याची प्रतिज्ञा केली. न्यायाधीश बाई होत्या. त्यांच्या एका बाजूला दुभाषी बसले होते, साठीच्या पुढचे, करड्या केसांचे एक मराठी गृहस्थ. मला इंग्रजी येत असलं, तरी घरातलं बोलणं मराठीत झालं होतं. त्यामुळे त्याचे शब्द मी मराठीतच सांगायचे आणि दुभाष्यांनी ते इंग्रजीत करायचे, असं ठरलं होतं. बहीण त्या खोलीत नव्हती. तिची साक्ष आधीच झाली होती, तीही वेगळ्या खोलीतून, त्याचं तोंड न पाहता. पोलिसांनी पहिल्याच दिवशी घेतलेला तिचा व्हिडिओ जबाब कोर्टात दाखवला होता, त्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं नव्हतं. तो मात्र पडद्याच्या कडेला दिसत होता. सूट घातलेला, भांग नीट पाडलेला. मान खाली.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सांगत गेले. कॉलवर तो कुठे बसायचा. भेंडीची गोष्ट. मग आयर्लंडला येण्याचं बोलणं निघालं तेव्हा तो काय म्हणाला, ते.

"मी सोडलं तर येईल ना, ताई."

दुभाष्यांनी इंग्रजीत केलं, मी तिला जाऊ दिलं तर ती येईल.

त्याचे वकील उठले. तेही सभ्यपणे बोलत होते, त्यांचं काम करत होते. त्यांनी मलाच विचारलं, "मराठीत 'सोडणे' म्हणजे गाडीने पोचवणे, असाही अर्थ होतो, बरोबर?"

"होतो," मी म्हटलं.

"रोज वापरतात तसा? मी तुला स्टेशनवर सोडतो, शाळेत सोडतो?"

"हो."

"तुमच्या बहिणीला गाडी येत नाही. घरात गाडी तेच चालवतात. म्हणजे ते एवढंच म्हणत असतील, की मी पोचवलं तर येईल?"

न्यायाधीशांनी दुभाष्यांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही अर्थ होतात. जाऊ देणे आणि पोचवणे. शब्द एकच आहे. यातला कुठला, ते ठरवणं माझं काम नाही."

वाटलं, आपलीच भाषा आपल्या हातातून निसटली. त्या क्षणी मला त्या गृहस्थांचा रागही आला. आज वाटतं, ते खरं आणि तेवढंच बोलले, म्हणूनच पुढच्या एका उत्तराला वजन आलं.

सरकारी वकील पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तुम्ही बहिणीला कुठे यायचं आमंत्रण देत होता?"

"इथे," मी म्हटलं. "आयर्लंडला."

त्या "थँक यू" म्हणून खाली बसल्या. मग न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला मोकळं केलं. इतक्या सकाळी उठून साक्ष दिल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. पडदा काळा झाला, आणि मी परक्या घरात एकटीच टेबलाशी बसून राहिले. न्हाणीघरातलं घड्याळ तिथूनही ऐकू येत होतं.

घरी गेले तर स्वयंपाकघरात दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसलेल्या. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आल्याचा चहा दोनदा झाला होता. कप शोधताना आमचं प्रत्येक कपाट उघडून झालं होतं, आणि त्या नादात आईला 'प्रेस' हा शब्द आला होता. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आई मला अभिमानाने म्हणाली, "बिस्किटं त्या प्रेसमंदी हायेत," आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "झालं?"

"वेल?" शेजारीण म्हणाली.

मी 'ग्रँड' म्हणायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. आईने जवळ घेतलं. शेजारणीने कुत्र्याला बाजूला केलं, उठून तिसऱ्यांदा चहा ठेवला.

नंतर, मी जरा सावरल्यावर, त्या बोलल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवराही असाच होता. मारायचा नाही. पण ती चर्चला किती वाजता निघाली आणि किती वाजता परतली, याचा हिशेब घ्यायचा. "माझं लग्न झालं तेव्हा या देशात घटस्फोटच नव्हता," त्या म्हणाल्या. "कायद्यातच नव्हता. ती एक दिवस लिव्हरपूलच्या बोटीत बसली. गावात सांगायचं काय, तर ती कामाला गेलीय. आईने शेवटपर्यंत तसंच सांगितलं." मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने टेबलावरून हात पुढे केला आणि त्यांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने मुलगी खाली आली. एवढ्या सकाळी घरात कुत्रं बघून तिचा दिवस साजरा झाला.

निकाल काही आठवड्यांनी लागला. दोषी. त्याला तुरुंगात जावं लागलं नाही. शिक्षा बाहेर राहून, देखरेखीखाली भोगायची, ठरलेल्या वर्गांना जायचं, आणि बहिणीच्या आसपास फिरकायचं नाही. आईला ते पटलं नाही. "जेल नाई? मंग काय कामाचं?" बहिणीने तिला फोनवर समजावलं, "आई, तो जेलमध्ये गेला असता तर मी रोज तो कधी सुटतो त्याचाच विचार केला असता. आता मी माझा विचार करतेय." आईला पूर्ण पटलं असं नाही. मलाही काही दिवस पटतं, काही दिवस नाही. तो आता काय विचार करतो, मला माहीत नाही. आपण बायकोची काळजीच घेत होतो, असंच त्याला अजूनही वाटत असेल, कदाचित. निकाल ऐकून तो रडला, असं बहीण म्हणाली. ती ते सांगताना रडली नाही.

त्या दिवसाची दुसरी एक गोष्ट तिने मला सांगितली. निकाल देताना न्यायाधीशांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, आणि ते अगदी बरोबर उच्चारलं. तिच्या नावात 'ळ' आहे. ऑस्ट्रेलियात आजवर कोणालाच तो धड म्हणता आला नव्हता. कामकाज सुरू होण्याआधी त्यांनी दुभाष्यांकडून तो विचारून घेतला होता, दोनदा म्हणून पाहिला होता. बहीण म्हणाली, "ताई, एवढं सगळं झालं, पण मला हुंदका कधी आला माहितीये? त्या 'ळ'ला." बाहेर व्हरांड्यात दुभाषी तिला दिसले. त्यांना साक्षीदारांशी बोलायची मुभा नसते. ते तिच्याकडे बघून नुसतं "येतो हं" म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. परक्या देशात, त्या इमारतीत, त्या दिवशी 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारं कोणीतरी होतं.

माझ्या कंपनीतल्या सुपरवायझरनेही साक्षीच्या दिवशी कारण न विचारता मला सुट्टी दिली होती. आणि तो कायदा व्हावा म्हणून ज्या झगडल्या, त्या बायका आहेत. पोलीस बाईंनी मला सांगितलं होतं, की त्यांतल्या काही जणींनी आपल्या मुली, बहिणी गमावल्यावर ते केलं. म्हणजे त्यांच्या वेळी तो कायदा नव्हता. माझ्या बहिणीच्या वेळी होता. याबद्दल कोणाचे आभार मानायचे आणि कुठल्या तोंडाने, ते मला अजून कळलेलं नाही. मी ते मानते, एवढंच.

आई नागपूरला परत गेली. बहीण आता वृद्धांच्या एका केंद्रात काम करते आणि फिजिओच्या परीक्षेचा अभ्यास करते. गेल्या रविवारी तिने माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, यावरून. तिचं म्हणणं, आधी सहा महिने व्यायाम. माझं म्हणणं, आता पुरे झाले व्यायाम. ती म्हणाली, तू गोळ्या तपास, गुडघे माझ्यावर सोपव. मी म्हटलं, तू लहान आहेस, जरा हळू बोल. ती म्हणाली, "मी अशीच बोलते," आणि माझ्या तोंडावर फोन ठेवला.

मी सोफ्यावर तशीच बसले. नवऱ्याने विचारलं, "काय गं, हसतेस काय?" मी सांगितलं, तर तोही हसला. मग मी तिला परत फोन लावला, कारण गुडघ्याच्या बाबतीत ती चुकते आहे, असं मला अजूनही वाटतं.